पासाउ ते बुडापेस्ट: डॅन्यूबकाठच्या सायकल प्रवासाच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

आम्हा सहा जणांच्या (मी, बाई, डॉक्टर, खजिनदार, मिस्त्री आणि धाकटा) या वर्षीच्या सायकल प्रवासाचा मार्ग आज ठरला. जर्मनीतील पासाउ येथून निघायचे, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियातून डॅन्यूबच्या काठाकाठाने जायचे आणि हंगेरीत बुडापेस्टला थांबायचे. सामान वाहणारी मोटार बरोबर नसेल. ज्याचे ओझे त्याच्याच सायकलवर राहील. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या मार्गाचा हा मधला तुकडा आहे. डॅन्यूबचे किलोमीटर उगमापासून नव्हे, तर मुखापासून उलटे मोजतात आणि तसे फलक काठावर लावलेले असतात. पासाउ साधारण २,२२६ वर आणि बुडापेस्ट १,६४७ वर येते. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका असल्यामुळे त्यांनी ताबडतोब वजाबाकी करून ५७९ हा आकडा कागदावर लिहिला. सायकलचा रस्ता नदीपेक्षा अधिक वळणे घेतो आणि मुक्कामासाठी गावांत शिरावे लागते, म्हणून आम्ही ६५० धरून चाललो आहोत.

नदीबरोबर जायचे म्हणजे सगळा उतारच, असा धाकट्याचा समज होता. एवढ्या अंतरात नदी जेमतेम दोनशे मीटर खाली उतरते, म्हणजे तीन किलोमीटरला एक मीटर, आणि तो उतार पायांना कळतही नाही. लोक प्रवाहाच्या दिशेने जातात ते मुख्यतः वाऱ्यासाठी, कारण या खोऱ्यात बहुतेक वेळा वारा पश्चिमेकडून येतो.

मागील वर्षीचा घोळ पुन्हा नको, यावर मात्र बराच वेळ गेला. त्या वेळी पुढचे तिघे मुक्कामी पोहोचून आंघोळी उरकून बसले होते आणि डॉक्टर दीड तासाने, अंधारात, एका हातात विजेरी धरून आले. म्हणून या वर्षीचा पहिला नियम मी लिहिला आणि सहाही जणांनी त्याखाली सह्या केल्या: सर्वांनी नेहमी एकाच काठाने जायचे. डॅन्यूबच्या दोन्ही काठांवर सायकलचा मार्ग आहे आणि पूल मात्र दूर दूर आहेत. मेल्क ते क्रेम्स या टप्प्यात तर मध्ये एकही पूल नाही. येथे चुकामूक झाली तर समोरचा माणूस डोळ्यांना दिसत राहतो, पण हाती लागत नाही.

२ मार्च

सायकली भाड्याने घ्याव्यात की आपल्या न्याव्यात, हा प्रश्न निकालात निघाला. भाड्याच्या सायकलींचा मोह मोठा होता, कारण विमानाची कटकट वाचते; परंतु तेथे पुढचा ब्रेक आपल्यासारखा उजव्या नव्हे, तर डाव्या हाताला असतो, आणि काही सायकलींना पेडल उलटे फिरवले की लागणारा मागचा ब्रेकही असतो. वीस वर्षांची सवय असलेला उजवा हात संकटात आपोआप दाबला जाईल आणि मागचेच चाक घसरेल, हे मिस्त्रीचे म्हणणे सर्वांना पटले. (मिस्त्री हा व्यवसायाने मिस्त्री नाही, तो बँकेत आहे. पण हातात ॲलन की असल्याशिवाय त्याला करमत नाही.) सायकली आपल्याच जातील. म्युनिकला उतरायचे आणि बुडापेस्टहून परतायचे असल्याने पुठ्ठ्याची खोकी मागे ठेवता येणार नाहीत; ती म्युनिकलाच टाकून द्यायची आणि परतीसाठी बुडापेस्टमध्ये एखाद्या सायकलच्या दुकानातून रिकामी मिळवायची.

२० एप्रिल

व्हिसाचे अर्ज दिले. मुक्काम सर्वाधिक दिवस ज्या देशात, त्या देशाकडे शेंगेन व्हिसाचा अर्ज करायचा असतो. आमच्या बाबतीत तो देश ऑस्ट्रिया. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा उशीर झाला असे नाही. विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे हवे, आणि त्या विम्यात सायकलिंग वगळलेले तर नाही ना, हे डॉक्टरांनी भिंग लावून वाचले. खजिनदारांनी रोजच्या मुक्कामाचा तक्ता जोडला. मागील वर्षी हाच तक्ता त्यांनी विमानात बसल्यावर तयार केला होता, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

२४ ऑगस्ट

आज सहाही सायकली बांधून झाल्या. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे दरवर्षी सांगूनही दरवर्षी कोणीतरी ते आवळत बसतो. या वर्षी तो मान माझा होता. पुढच्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा आधार बसवला, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, सोडवून फ्रेमच्या आत बांधला, टायरमधील हवा कमी केली. पॉवर बँक हातातील सामानात, कारण लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या विमानाच्या पोटात टाकता येत नाहीत. आरसे उजव्या मुठीवरून डाव्या मुठीवर नेले. तेथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे आहे, तेव्हा गाड्या डावीकडून पुढे जाणार.

३ सप्टेंबर, पासाउ

विमानतळाच्या एका कोपऱ्यात दोन तास सायकली जोडल्या. बाईंच्या सायकलचा डिरेलर वाकडा दिसत होता. मिस्त्रीने चाकामागे उकिडवे बसून एक डोळा मिटला आणि वरून खाली पाहिले: कॅसेटची, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचाची, रेषा सरळ उतरत होती, पण डिरेलरच्या दोन लहान चक्रांची रेषा स्पोककडे कलली होती. सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर चेन चढवताच डिरेलरचा पिंजरा स्पोकला लागून टिक टिक वाजू लागला. तसेच चालवले असते तर पहिल्याच चढावर तो चाकात ओढला गेला असता. दोष डिरेलरचा नव्हता, तो ज्या छोट्या तुकड्याने फ्रेमला जोडलेला असतो त्या हँगरचा होता. मोठी मोडतोड टळावी म्हणून हा तुकडा मुद्दाम मऊ धातूचा करतात. प्रत्येक बनावटीच्या सायकलचा हँगर निराळा असतो, आणि बाईंनी स्वतःचा जादा हँगर बरोबर आणला होता. आणला नसता तर प्रवास म्युनिकमध्येच अडला असता.

संध्याकाळी रेल्वेने पासाउला पोहोचलो. येथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. आल्प्समधून येणारी इन फिकट हिरवट, दलदलीच्या जंगलांतून येणारी इल्झ काळसर, आणि मध्ये डॅन्यूब. तीन रंगांचे पट्टे काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. सरासरीने पाहिले तर संगमावर इनचेच पाणी अधिक असते, तरी पुढे नाव मात्र डॅन्यूबचे चालते. नगरभवनाच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. ३ जून २०१३ रोजी पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले होते आणि त्याहून मोठा पूर थेट १५०१ सालचा सांगतात. धाकट्याने हात उंच करून खुणेला लावायचा प्रयत्न केला. हात पोहोचला नाही.

४ सप्टेंबर, श्लोगेन

पहिल्याच दिवशी नियम मोडला.

सकाळी डाव्या काठाने निघालो. नदीकडे पाठ न करता, ती जिकडे वाहते तिकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला डावा काठ, हे दहा वेळा सांगून झाले होते. योखेनश्टाइनच्या धरणाजवळ जर्मनी संपून ऑस्ट्रिया लागल्याचे एका लहानशा पाटीने कळले. धाकटा आणि खजिनदार पुढे होते. निडररान्ना येथे पूल आला तेव्हा त्यांनी तो ओलांडला, कारण त्यांच्या नकाशात मार्ग अखंड दिसत होता तो उजव्या काठाचा. मागे असलेल्या आम्हा चौघांच्या नकाशात दोन्ही काठांवर रेषा होती, म्हणून आम्ही सरळ गेलो. नियमात ‘एकाच काठाने’ एवढेच लिहिले होते. कोणत्या, ते लिहिलेले नव्हते.

श्लोगेन येथे डोंगराच्या कठीण खडकाला अडून नदी जवळजवळ उलट्या दिशेला वळते. डाव्या काठाचा सायकल मार्ग आउ या वस्तीपाशी संपतो. पुढे झाडीचा कडा थेट पाण्यात उतरलेला आहे. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा समोरच्या काठावर दोन पिवळी जाकिटे एका बाकावर बसलेली दिसली. खजिनदारांनी केळे उंचावून दाखवले. बोलणे ऐकू येत नव्हते, हातवारे समजत होते, आणि मध्ये ती अफाट संथ नदी. सुदैवाने आउहून सायकलस्वारांसाठी नाव सुटते. नावाड्याने चार सायकली कठड्याला टेकवून उभ्या करून घेतल्या आणि चार मिनिटांत पलीकडे सोडले. सप्टेंबरात ही सेवा अंधार पडण्यापूर्वीच थांबते. आणखी दोन तास उशीर झाला असता तर तीच चार मिनिटे निडररान्नाच्या पुलापर्यंतचा फेरा झाली असती.

रात्री जेवताना वाद झाला, तो नोंदवणे भाग आहे. धाकट्याचे म्हणणे, फोन होता, करायचा होता. डॉक्टरांचे म्हणणे, फोन करणे हे पुढच्याचे काम, कारण वळण त्याला आधी दिसते. मला डॉक्टरांचे पटते. फाटा, पूल किंवा नाव आली की पुढच्याने थांबायचे आणि शेवटचा माणूस नजरेस पडल्याशिवाय हलायचे नाही, एवढी भर नियमात घातली.

५ सप्टेंबर, लिन्झ

सपाट रस्ता, सौम्य वारा. ओटेन्सहाइमला पाहिलेली नाव मात्र लिहून ठेवण्यासारखी आहे. तिला इंजिन नाही. नदीवर आडवी उंच तार ताणलेली आहे, नाव त्या तारेला दोराने बांधलेली, आणि नावाडी फक्त तिचा प्रवाहाशी असलेला कोन बदलतो; तिरप्या अंगावर आपटणारे पाणीच तिला बाजूला ढकलत पलीकडे नेते. बाईंनी बलांचा त्रिकोण तिकिटाच्या मागे काढून धाकट्याला समजावला. आम्हाला पलीकडे जायचे नव्हते, तरी एक फेरी जाऊन परत आलो.

६ सप्टेंबर, ग्राइन

दुपारपूर्वी माउटहाउझेन, नाझींची छळछावणी. नदीकाठ सोडून टेकडीवर तीव्र चढ आहे. मी आणि डॉक्टर सायकली ढकलतच वर गेलो. १९३८ ते १९४५ या काळात या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे १,९०,००० माणसे डांबली गेली आणि त्यांतील किमान ९०,००० मेली. ग्रॅनाइटच्या खाणीतून कैद्यांना पाठीवर दगड घेऊन ज्या पायऱ्या चढाव्या लागत, त्या १८६ आहेत. वरून पाहिले तर खालच्या बाजूला शेते आणि दूरवर तीच नदी दिसते. उतरताना कोणीही पुढे गेले नाही. सहाही जण एका ओळीत, हळू, खालपर्यंत आलो.

८ सप्टेंबर, क्रेम्स

कालचा मेल्कपर्यंतचा टप्पा वीजकेंद्रांचा आणि सफरचंदांचा होता, त्यावर अधिक लिहीत नाही. मेल्कचा पिवळा मठ मात्र वळणावरून दिसला तो तासभर समोरच राहिला. आजची इमारत १७०२ ते १७३६ या काळात याकोब प्रान्टटाउअर या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार उभी राहिली.

आज वाखाउ. मेल्क ते क्रेम्स हा ३६ किलोमीटरांचा खोऱ्याचा भाग २००० साली जागतिक वारसा ठरला. डोंगरउतारावर चुना न वापरता रचलेले दगडी बांध, त्यांवर द्राक्षांचे मळे, खाली जर्दाळूच्या बागा. डाव्या काठावर पाहण्याची गावे अधिक आहेत, उजव्या काठावर रस्ता शांत आणि चढ कमी. डॉक्टरांचा गुडघा सकाळपासून दुखत होता आणि त्यांना उजवा काठ हवा होता. बाईंना डाव्या काठावरचे विलेनडॉर्फ सोडवत नव्हते, कारण १९०८ साली तेथेच ११ सेंटिमीटर उंचीची ती चुनखडीची आदिमानवकालीन स्त्रीमूर्ती सापडली.

नियमावर बोट ठेवले असते तर कोणाला तरी मन मारावे लागले असते. शेवटी नियम लिहिणाऱ्यानेच तो बाजूला ठेवला. मी आणि डॉक्टर उजव्या काठाने, बाकीचे चौघे डाव्या काठाने. ठीक एक वाजता श्पिट्सच्या नावेवर भेट, आणि कोणी आले नाही तर दुसरे ठिकाण वाइसेनकिर्खेनची नाव, तीन वाजता. दोन्ही नावा तारेच्याच आहेत. एकला पाच मिनिटे असताना आम्ही श्पिट्सच्या समोर, आर्न्सडॉर्फच्या धक्क्यावर होतो आणि चौघे पलीकडून चढताना दिसले. डबे उघडून नदीकाठी जेवलो. नंतर डॉक्टरांचा गुडघा मोकळा झाल्याने सगळेच डाव्या काठाला गेलो आणि ड्युर्नश्टाइनला थांबलो. धर्मयुद्धाहून परतताना पकडला गेलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड पहिला ११९२-९३ च्या हिवाळ्यात तेथील किल्ल्यात कैदेत होता. किल्ल्यावर धाकटा एकटाच चढला, आणि आम्ही खाली त्याची वाट पाहिली; कुरकूर झाली नाही, कारण तो कधी उतरणार ते आधी ठरले होते.

पहिल्या दिवशी दोन काठ झाल्यावर भांडलो आणि आज दोन काठ करूनही दिवस सुरळीत गेला. अडचण काठाची नव्हती तर! नियम खोडून नवा लिहिला: वेगळे झाले तरी चालेल, मात्र ओलांडण्याची जागा, वेळ आणि ती चुकल्यास दुसरी जागा निघण्यापूर्वी ठरली पाहिजे.

९ सप्टेंबर, व्हिएन्ना

उजव्या काठाने येताना त्स्वेन्टेनडॉर्फचे अणुवीजकेंद्र रस्त्यालगतच लागते. पूर्ण बांधून झालेले, चिमणीसह उभे, आणि एक दिवसही न चाललेले. ५ नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात ५०.४७ टक्के लोकांनी विरोधात मत दिले. फरक सुमारे ३० हजार मतांचा. मिस्त्री कुंपणाला धरून बराच वेळ उभा होता. एवढी जोडणी करून कळच दाबायची नाही, हे त्याच्या स्वभावाला झेपणारे नव्हते.

१० तारखेला विश्रांती घेतली. चेन धुतल्या, कपडे धुतले, आणि बाईंनी वस्तुसंग्रहालयात जाऊन विलेनडॉर्फची मूळ मूर्ती पाहिली.

११ सप्टेंबर, ब्रातिस्लाव्हा

शहर संपल्यावर पूररक्षक बांधावरून सरळसोट रस्ता, आजूबाजूला पाणथळ जंगल. १९८४ च्या डिसेंबरात जलविद्युत केंद्र होऊ नये म्हणून लोक थंडीत येथे ठाण मांडून बसले होते. १९९६ साली या जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले. हाइनबुर्गच्या पुलावरून उजव्या काठाला आलो. फलक १,८८० च्या आसपासचे. बाई रोज संध्याकाळी वजाबाकी वाचून दाखवतात.

१२ सप्टेंबर, गाब्चिकोवो

सर्वांत कठीण दिवस, आणि चढ शून्य. ब्रातिस्लाव्हाच्या खाली डॅन्यूबचे बहुतेक पाणी १९९२ पासून एका कृत्रिम कालव्यात वळवलेले आहे. कालव्याचे पाणी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहते, आणि बांधाच्या माथ्यावरून जाताना एका बाजूला जहाज आणि दुसऱ्या बाजूला, खूप खाली, घरांची छपरे दिसतात. या प्रकल्पावरून हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९९७ साली निकाल लागला. आम्हाला त्या बांधावर झाड मिळाले नाही आणि वारा मिळाला तो समोरून, आग्नेयेचा. पश्चिमेच्या वाऱ्याचा भरवसा जानेवारीत मीच दिला होता, त्याची आठवण दर किलोमीटरला करून देण्यात आली.

एकामागे एक अशी रांग केली. पुढच्याने दोन किलोमीटर वारा अंगावर घ्यायचा, मग बाजूला सरून वेग कमी करायचा आणि रांग पुढे गेली की शेवटी लागायचे. मागच्या चाकाच्या हातभर अंतरावर राहिले तर श्रम स्पष्टपणे कमी होतात; हातभराचे दोन हात झाले की वारा लगेच मध्ये शिरतो. डॉक्टरांची पाळी वगळली आणि त्यांना कायम तिसऱ्या जागेवर ठेवले. धाकट्याने पहिली पाळी जोशात घेतली तेव्हा मागून रांग तुटली. दुसऱ्या पाळीला बाईंनी त्याला वेगमापकावर १७ चा आकडा सांगितला आणि त्याने तो राखला. वर्षभरात त्याच्याकडून झालेले हे सर्वांत मोठे काम, असे माझे मत.

१४ सप्टेंबर, एस्टरगोम

काल कोमार्नो. १९२० च्या तहानंतर नदी सीमा झाली आणि एका गावाची दोन देशांत दोन गावे झाली. आज श्टुरोव्होहून मारिया व्हालेरिया पुलाने हंगेरीत आलो. १८९५ चा हा पूल डिसेंबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला आणि २००१ साली पुन्हा सुरू झाला. मधली जवळपास ५७ वर्षे दोन्ही काठांची माणसे एकमेकांकडे जायला नावेवर अवलंबून होती. पुलाच्या मध्यावर आपोआपच सगळे थांबले. श्लोगेनच्या बाकावर बसलेल्या दोघांची आठवण कोणी काढली नाही, पण खजिनदार हसत होते.

खजिनदारांचा सामाईक बटवा येथून फोरिंटचा झाला. तीन देशांत युरोवर भागले होते.

१५ सप्टेंबर, बुडापेस्ट

पूर्वेकडे जाणारी नदी व्हिशेग्राडनंतर काटकोनात दक्षिणेला वळते. आम्ही व्हिशेग्राडहून नावेने नॉजमारोशला, तेथून वाट्सला, पुन्हा नावेने बेटावर आणि पुलावरून सेन्टेन्ड्रेकडे, असे आज एका दिवसात तीन वेळा पाणी ओलांडले. प्रत्येक धक्क्याची वेळ आदल्या रात्री कागदावर होती. वाट्सला मिस्त्री पंक्चर काढण्यात मागे राहिला आणि नाव सुटली. तो ठरल्याप्रमाणे पुढच्या नावेने आला, फोन कोणालाच करावा लागला नाही. वेगमापकावर एकूण ६७१ किलोमीटर.

१६ सप्टेंबर

सायकलच्या दुकानात पाच खोकी मिळाली, सायकली सहा. सहावे खोके मिस्त्रीने दोन लहान खोकी कापून, चिकटपट्टीचे अडीच रीळ संपवून तयार केले. हिशेबात पंक्चर आणि दुरुस्तीपेक्षा नावांच्या भाड्याचा आकडा मोठा निघाला, त्यात ओटेन्सहाइमची विनाकारण केलेली फेरीही आहे. ती वगळावी असे खजिनदारांनी सुचवले आणि पाच विरुद्ध एक मताने ते फेटाळले गेले. पुढील वर्षासाठी आताच करायची कामे दोन: बाईंच्या सायकलसाठी नवा जादा हँगर मागवणे आणि बाकी पाच सायकलींचे हँगर कोणत्या बनावटीचे आहेत ते तपासणे, कारण जादा हँगर त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हता असे आज उघड झाले.